वाकळ आणि बोटं : डिसेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

वाकळ शिवायला घेतली. लेकीची तारीख २० फेब्रुवारीच्या आसपास आहे, बारशाला तयार हवी. माप साडेचार फूट बाय साडेतीन. पोटात सासूबाईंचं जुनं शहापुरी लुगडं दुपदरी, वर माझी विरलेली इरकल, खाली धोतर. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, त्यामुळं पूजा आटोपून दुपारीच पडवी पुसली, थर अंथरले, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल आणि दोन विटा ठेवून लांब टाक्यांनी कच्चं टाचून घेतलं. सासूबाई खुर्चीतून सूचना करत होत्या. कापडातली सुरकुती त्यांना लांबूनही दिसते, वर्तमानपत्र तेवढं दिसत नाही.

शिवण आमच्याकडच्या पद्धतीची : कोपऱ्यातून निघायचं आणि काठाकाठानं फिरत आत आत यायचं. दोन फेऱ्यांत पाऊण इंच ठेवला तर २८ फेऱ्या होतात.

इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी. पदरावर सरळ हात फिरवला तर बोट अडकलं आणि फर्र आवाज आला. एक धागा ओढून निघाला. बोटं फुटलीत हे तेव्हा कळलं.

९ डिसेंबर

फेऱ्या ३. वहीच्या या पानावर बोटांचाही हिशेब ठेवायचा ठरवला, कारण आज तर्जनीच्या भेगेत दोरा अडकून मी चक्क ओरडले.

डावा अंगठा : नखाच्या कडेला एक भेग, पेरावर दोन. डावी तर्जनी : टोकाला एक, खोल. डावं मधलं बोट : भेग नाही, पण कातडी कडक आणि पापुद्रे सुटलेले. उजवा अंगठा : एक बारीक. बाकीची बोटं नुसती खरखरीत.

थंडीत इथं बेळगावात सगळ्यांचंच अंग फुटतं. पाऊस गेला आणि पूर्वेकडचं कोरडं वारं सुटलं की ओठ, टाचा, हात सगळं उलतं. सासूबाईंच्या पायांना जळवात तर दर वर्षीची. त्यामुळं फार मनावर घेतलं नाही. पण बोटाच्या टोकाची भेग टाचेच्या भेगेसारखी गप्प बसत नाही. डब्याचं झाकण उघडा, ब्लाऊजचा हुक लावा, पर्समधून नाणं काढा, प्रत्येक कामात ती पुढं.

१२ डिसेंबर

दुसरा गुरुवार. तांब्याचा कलश चिंचेनं घासला. पुढचं लिहीत नाही.

फेऱ्या ३ च.

१५ डिसेंबर

रेशनला गेले होते. मशीनवर अंगठा ठेवला, नाही लागला. पुसून ठेवला, नाही. दुकानदार म्हणाला, "इन्नोंदु सल इडरी, अक्का." आणखी एकदा ठेवला. मग तर्जनी, मग उजवा हात. मागची रांग आधी गप्प होती, मग नव्हती. ठशाच्या रेषांमधूनच भेगा गेल्यात, मशीन तरी काय वाचणार. सासूबाईंचा अंगठा तर चार वर्षांपासून लागत नाही. जन्मभर भाताची लावणी-मळणी करून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. दोघी रिकाम्या पिशव्या घेऊन परत. संध्याकाळी पुतण्या जाऊन तांदूळ घेऊन आला.

आता नीट बघायला हवं. आजपासून केलेले बदल : भांडी घासताना रबरी हातमोजे. कढत पाण्यात हात घालायचा नाही, कोमट पुरे. हात धुतला की टिपून, ओलसर असतानाच व्हॅसलीन. रात्री जाडसर थर आणि वरून यांचे जुने सुती पायमोजे हातात. यांनी विचारलं, "चालत येणार आहेस काय हातावर?"

१९ डिसेंबर

फेऱ्या ७. पुतण्या उद्यमबागला फाउंड्रीत आहे. तो म्हणाला, "काकी, आमच्यात सगळे झटपट चिकटवायचा गोंद लावतात. एक थेंब भेगेवर सोडायचा, काम झालं." संध्याकाळी लावून बघितला. भेग मिटली हे खरं, ठणकाही थांबला. पण त्याच बोटानं धोतराची कड धरली आणि बोट एकदम भाजलं. सुती कापडाला लागला की तो गोंद तापतो म्हणे, हे पुतण्याला नंतर आठवलं. वर सुकलेल्या गोंदाची कड काचेसारखी धारदार, रेशमाला ती भेगेपेक्षा वाईट. हा गोंद काही जखमेसाठी केलेला नसतो. सुई-दोऱ्याचं काम करणाऱ्यानं तर नादी लागू नये.

त्यापेक्षा कागदी चिकटपट्टी बरी, मेडिकलमध्ये मिळते ती. व्हॅसलीन, वर पट्टीचा एक वेढा. सुई लागते ते कळतं, दोरा अडकत नाही.

आणखी एक : आंघोळीनंतर भेगेच्या उभ्या राहिलेल्या कडा नखाच्या कानशीनं हलकेच घासून सपाट केल्या. कातडी सोलायची नाही, ओढायची नाही. कड सपाट झाली की निम्मा त्रास कमी होतो.

२६ डिसेंबर

फेऱ्या ९. काल रात्री यांच्याबरोबर रोषणाई बघायला गेले होते. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून गावभर दिवे. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते फक्त त्या एकाच अधिवेशनात, इथं टिळकवाडीत, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय. पण त्याच अधिवेशनात असंही ठरलं होतं की काँग्रेसच्या सभासदानं वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार हातकताईचं सूत द्यायचं. आज टाके घालता घालता तेच डोक्यात. माझ्या अख्ख्या वाकळीला दुहेरी दोरा धरून फार तर दोनशे वार लागतील, आणि तेवढ्यात बोटांची ही कथा. डिसेंबरच्या वाऱ्यात सूत कातणाऱ्यांनी बोटांना काय लावलं असेल, ते कुठं लिहिलेलं नाही. एरंडेल असावं.

२ जानेवारी २०२५

फेऱ्या १२. उजवा हात जवळजवळ बरा. अंगठ्याची भेग मिटली, खरखर गेली. हातमोजे आणि व्हॅसलीनला मार्क द्यायला हवेत.

डावा हात तसाच. उलट मधल्या बोटालाही आता भेग आहे, आणि तिन्ही बोटांची टोकं लालसर, रात्री खाजतात.

आधी वाटलं, सुईमुळं. वाकळ शिवताना डावा हात खाली असतो, सुईचं टोक वर ढकलायला, त्यामुळं सारखं टोचतं. अंगुस्तान मी उजव्या हाताला घालते, डाव्याला कुणी घालत नाही. पण मग अंगठा का? अंगठा तर वाकळीच्या वरच असतो, त्याला सुई लागायचा संबंध नाही. आणि करंगळीजवळचं बोट खाली असूनही धडधाकट कसं? भांड्यांचा साबण म्हणावा तर तो दोन्ही हातांना लागतो. थंडी म्हणावी तर ती काय डावा-उजवा बघते?

यांना सांगितलं तर म्हणाले, "वय झालं." माझ्या डाव्या हाताचं तेवढं?

८ जानेवारी

फेऱ्या १४, म्हणजे निम्म्या. इरकलीचा पदर ओलांडला. पदरावरच्या दोन फेऱ्या पट्टी गुंडाळून केल्या.

१७ जानेवारी

भोगीच्या आदल्या दिवशी माहेरी नंदगडला गेले होते, आज आले. वाकळ बरोबर नेली होती. फेऱ्या १९.

हे सविस्तर लिहून ठेवायला हवं. नंदगडला बेळगावपेक्षा थंडी जास्त, रान जवळ, पहाटे अंगण धुक्यात. शिवण रोज तीन-तीन तास, म्हणजे इथल्यापेक्षा जास्त. हिशेबानं बोटं आणखी फुटायला हवी होती. झालं उलटंच. तिसऱ्या दिवशी खाज थांबली, पाचव्या दिवशी तर्जनीची खोल भेग बुजत आली.

वहिनीनं भिरंडेल दिलं होतं, श्रेय अर्थातच त्याला. त्यांच्याकडं अजून घरी काढतात. कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तेल येतं ते निवलं की थिजतं आणि त्याचे पांढरट गोळे वळतात. थंडीत तो गोळा खडूसारखा टणक, चमच्यात धरून दिव्यावर जरा ऊब दिली की वितळतो. भेगेत कोमट सोडला की तिथंच थिजून बसतो, व्हॅसलीनसारखा पुसला जात नाही. वास काही विशेष नाही. रेशमाला मात्र डाग पडतो, म्हणून फक्त रात्री.

वहिनीनं दोन गोळे बांधून दिले. भाऊ म्हणाला, "बेळगावात मेडिकल नाहीत काय गे?"

१९ जानेवारी

खाज परत. भिरंडेल दोन्ही रात्री लावलं होतं.

२० जानेवारी

तर्जनीची भेग उघडली, तीच जागा. डाव्या हाताची तीच तीन बोटं. म्हणजे भिरंडेलाचा दोष नाही, गुणही नाही. नंदगडला असं काय नव्हतं जे इथं आहे? पाणी? साबण? इथली हवा?

रात्री जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणं टीव्हीपुढं बसले, सूप मांडीवर घेतलं आणि लसूण सोलायला लागले. सहावी-सातवी पाकळी असेल. पाकळी डाव्या हाताच्या तीन बोटांत, सुरी उजव्या हातात. तशीच थांबले.

जाऊबाई नोव्हेंबरपासून डबे करते, तीस डबे आहेत. तिला रोज पाव किलो लसूण लागतो आणि तो सोलून द्यायचं काम माझं. नोव्हेंबरपासून. नंदगडला पाहुणी म्हणून मला वहिनीनं विळीला हात लावू दिला नव्हता.

२२ जानेवारी

कॅम्पातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. वही दाखवली. त्यांनी आधी पायाचे तळवे, नखं, कोपरं बघितली, सोरायसिस किंवा नायटा नाही ना याची खात्री करायला. मग विचारलं, "सुरी कुठल्या हातात धरता?" मी लसणाचं सांगायच्या आतच. स्वयंपाकाची कामं करणाऱ्यांच्यात हे बरंच दिसतं म्हणाल्या. लसणात डायअलाइल डायसल्फाइड म्हणून एक पदार्थ असतो, त्याची कातडीला ॲलर्जी जडते. पाकळी धरणाऱ्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, अगदी ठरलेली जागा. हात बघूनच ओळखू येतं.

मी म्हटलं, रबरी हातमोजे घालून सोलेन. तर तो पदार्थ बहुतेक हातमोज्यांतूनही आरपार जातो! खायला बंदी नाही, सोलायला आणि चिरायला बंदी. चाळीस वर्षं लसूण सोलतेय, आत्ताच का, असंही विचारलं. ॲलर्जी अशीच असते, वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस अंग ओळखायला लागतं. त्यात थंडीनं आणि साबणानं कातडी आधीच उललेली, म्हणजे आत जायला दारं उघडीच.

बोटांच्या टोकांना एवढ्या भेगा का पडतात, तेही समजावलं. तळहाताला, तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात. बाकी अंगाला आतून थोडं तेल मिळत राहतं, बोटांना मिळतं ते आपण लावू तेवढंच. साबण आणि कढत पाणी होतं ते धुऊन नेतात, कातडीचा वरचा जाड थर सुकून ताठ होतो, आणि बोट वाकवलं की लवायच्या ऐवजी तडकतो.

औषध : स्टेरॉइडचं मलम दोन आठवडे, रोज दोनदा, पुढं आपल्या मनानं नाही. दिवसा युरियाचं क्रीम, पण उघड्या भेगेवर नाही, झोंबतं. रात्री व्हॅसलीन आणि मोजे चालू ठेवायचे. भिरंडेलाला त्यांची हरकत नाही.

युरिया म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "उसाला घालतात त्योच? मग सुपर फॉस्फेट पण आण की." खरं तर आपल्या कातडीत युरिया मुळातच असतो, ओल धरून ठेवणाऱ्या द्रव्यांपैकी एक. हे सांगितलं, पटलं नाही.

२४ जानेवारी

जाऊबाईला सांगणं जिवावर आलं होतं. डबे तिचे, पण पैसे घरात येतात, आणि काम टाळतेय असं वाटायला नको. ती म्हणाली, "अक्का, आधी सांगायचं न्हाई काय? मी करतो की." रात्री अकराला ती पडवीत एकटी सोलत बसली होती. सकाळी चारला उठते. मी शेजारी बसून मटार सोलले, तेवढंच.

लसूण डब्यात घालून जोरजोरात हलवला की सालं सुटतात असं पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. सुटतात, निम्म्यांची. उरलेल्या निम्म्या पाकळ्या ठेचल्या जातात आणि डब्याला तो वास कायमचा. तो डबा शेवयांचा होता.

२९ जानेवारी

लेक आली. आल्या आल्या वाकळ बघितली, मग माझे हात. काही बोलली नाही, पण मी पाठीवरून हात फिरवला तर गाऊनला बोटं अडकली. बाळाला न्हाऊ घालणारी मीच आहे. तेल लावताना पोरीच्या, नाहीतर पोराच्या, अंगाला ही बोटं कशी लागतील, हा विचार डोक्यातून जात नाही. वाकळ काय, शिवून होईल.

फेऱ्या २१.

५ फेब्रुवारी

मलमाचे दोन आठवडे झाले, बंद केलं. खाज नाही. भेगा मिटल्या, फक्त डाव्या अंगठ्याला नखाच्या कडेला रेघ उरलीय. नवी कातडी गुलाबी, पातळ, कागदासारखी. तिला जपायला हवं. युरियाचं क्रीम पिशवीत, स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्याजवळ, अशा तीन ठिकाणी ठेवलंय, कारण एकाच ठिकाणी असलं की उठून जायचा कंटाळा येतो आणि मग राहतं.

जाऊबाईनं रविवार पेठेतून सोललेला लसूण आणून बघितला. महाग पडतो आणि दोन दिवसांत आंबूस वास येतो. आता सासूबाई सोलतात. कुणी सांगितलं नव्हतं, एका रात्री सूप ओढून घेतलं. "रिकामं बसून टीव्ही बघितला की झोप येतीया," म्हणाल्या. सावकाश सोलतात, पण पाकळीला एक ओरखडा नसतो.

९ फेब्रुवारी

फेऱ्या २६. आतल्या फेऱ्या लहान लहान होत जातात, त्यामुळं आता भराभर. सातव्या फेरीजवळ एक तपकिरी ठिपका सापडला, माझ्याच रक्ताचा, १७-१८ डिसेंबरचा असावा. थंड पाणी आणि मिठानं निघाला नाही. त्यावर खणाचं चौकोनी ठिगळ लावलं. एकच ठिगळ विचित्र दिसत होतं म्हणून समोरच्या बाजूला आणखी एक. आता मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

१३ फेब्रुवारी

२८. झाली. दोऱ्याची दोन रिळं लागली, दुसऱ्यातला थोडा उरला. मधोमध शेवटचा टाका घ्यायच्या आधी सासूबाईंनी भाकरीचा सुकवलेला कण आत सरकवला, वाकळ उपाशी शिवू नये म्हणून.

शेवटी पदरावरून उघडा हात फिरवला. आवाज आला नाही.

१६ फेब्रुवारी

रेशन. अंगठा दुसऱ्या खेपेला लागला. आदल्या रात्री भिरंडेल, सकाळी साबण नाही, रांगेत उभं असताना क्रीम चोळून पदराला पुसून टाकलं. अगदी कोरडं बोटही लागत नाही, तेलकटही नाही. सासूबाईंना नेलंच नाही.

२१ फेब्रुवारी

मुलगी झाली, परवा रात्री. दोघी बऱ्या आहेत.

२४ फेब्रुवारी

आज घरी आणलं. पहिली आंघोळ मी घातली. खोबरेल कोमट करून हाताला लावलं, आधी स्वतःच्या गालावर बोटं फिरवून बघितली, मग तिच्या. रडली, पण ती पाण्याला.

बाळंतिणीचं खाणं सुरू झालं. अळीव, खसखस, शेपू, आणि लसूण. जेवढा जास्त तेवढं दूध, असं सासूबाईंचं गणित. डब्यांचा पाव किलो आणि घरचा वेगळा. सूप भरून लसूण बघून मी आपोआप हात पुढं केला, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"तू पोरीला धर. माझी बोटं मशीनला ओळखू येत न्हाईत, लसणाला कुठली येत्यात?"

रात्री साडेनऊपर्यंत सगळा सोलून झाला. वाकळ अजून घडीतच आहे, बारशाला काढायची. सासूबाई म्हणतात, त्याच्या आधी एकदा रिठ्याच्या पाण्यातून काढ. रिठे आणायला हवेत.